अष्टमीची सभा

प्रिय अन्वी आणि तन्मय,

मागच्या रविवारी फोनवर अन्वीने सांगितलं, की तुमच्या गावच्या नगरपालिकेने तरुणांचं सल्लागार मंडळ नेमलं आहे आणि त्यावर तिची निवड झाली आहे. मग तिने विचारलं, "आजी, तुमच्याकडे असलं काही नसेल ना?" मी "होतं" एवढं म्हटलं आणि तेवढ्यात तिची बस आली. ते अर्धवट राहिलं, म्हणून हे लिहायला बसले. आणखीही एक कारण आहे. आमच्या मंडळाचा पहिला अध्यक्ष नारायण मागच्या पावसाळ्यात वारला. पहिल्या नऊ जणांपैकी आता आम्ही तिघंच उरलो, आणि नऊ जणांत वही लिहिणारी मी एकटी होते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हांला सोपं गेलं असतं, मलाही जड नव्हतं. माझं शिक्षण सगळं इंग्रजीतच झालं. पण ज्या माणसांविषयी लिहायचं, ती इंग्रजीत बोलू लागली की माझ्या ओळखीची राहत नाहीत. तेव्हा बाबाकडून वाचून घ्या. तो कंटाळा करील. करू द्या, पण वाचायला लावा.

आमचं गाव केळवे आणि सातपाटी यांच्या मधलं. पश्चिमेला समुद्र आणि त्याला लागून कोळीवाडा, त्याच्या अलीकडे बाजारआळी, मग आमच्या नारळी-सुपारीच्या वाड्या, आणि सगळ्यांत पूर्वेला, टेकडीच्या पायथ्याशी, पाडा. गावाचे हे चार भाग एकमेकांना ओळखत होते, पण एकमेकांच्या घरात बसत नव्हते. आमच्या घरात पहाटे पहिला आवाज विहिरीवरच्या पंपाचा असे. तो सुरू झाला की पाटातून पाणी धावायला लागायचं आणि स्वयंपाकघरात आई तांदळाची भाकरी थापायला घ्यायची. पंपाच्या धडधडीत भाकरी थापल्याचा आवाज मिसळून जायचा. दुपारी वाडी इतकी शांत, की सुपारीची वाळलेली झावळी पडली तरी घरातलं माणूस मान वर करून बघे. वाऱ्याची दिशा फिरली की कोळीवाड्यातल्या वाळत्या बोंबलांचा वास ओटीवर येई आणि आई म्हणे, "चला, आज कालवणाला काय करायचं ते वाऱ्यानेच सांगितलं." माझे वडील, ज्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, स्वतः पानवेलीची पानं खुडायला उभे राहात. ते फार बोलत नसत. वाडीत काम करणारा माणूस हळूहळू झाडांसारखाच गप्प होतो, असं आई म्हणायची; त्यात कौतुक किती आणि तक्रार किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

शाळेची वर्षं मी या घरात नव्हते. माझे मामा तारापूरला अणुवीज केंद्रात नोकरीला होते. त्यांच्याकडे कॉलनीत राहून मी इंग्रजी शाळेत शिकले. कॉलनीत सगळं एका मापाचं होतं: घरं, कुंपणं, दुधाची वेळ. सगळ्यांचे वडील एकाच बसने कामावर जात आणि एकाच बसने परत येत. शाळेत एक वादविवाद मंडळ होतं आणि त्याची छापील नियमावली होती. मला ती पाठ होती. माणसं एकत्र बसली की त्यांना नियम लागतात, आणि नियम लिहिलेले असले की भांडण होत नाही, असं मी तेव्हा खरोखर मानत होते. बारावीनंतर मला कावीळ झाली, कॉलेजचं एक वर्ष बुडणार हे ठरलं, आणि मी पथ्याचं जेवण जेवायला गावी परत आले. ते वर्ष म्हणजे हे प्रकरण.

मंडळ निघालं ते भांडणातून. शाळेमागच्या मैदानावर कोळीवाड्याची मुलं कबड्डी खेळत आणि वाड्यांतली मुलं क्रिकेट. एकदा स्टंप उपटले गेले, एकदा कबड्डीच्या मैदानात कोणी शेण टाकलं, आणि दोन्हीकडचे बाप पंचायतीत गेले. सरपंच भास्करकाका बिडी ओढत सगळं ऐकून घ्यायचे आणि निकाल दुसऱ्यावर ढकलायचे. तेच त्यांनी या वेळीही केलं. ते म्हणाले, "पोरांची भांडणं पोरांनी मिटवावीत. एक मंडळ करा. मैदानाचं तुम्हीच ठरवा. आणि मैदानाचं जमलं तर गावाच्या बाकीच्या गोष्टींतही सल्ला द्या. सल्ला हां, हुकूम नाही." ग्रामसभेत हात वर झाले. मला इंग्रजी येतं आणि मला घरी काही काम नाही, या दोन कारणांनी मी चिटणीस झाले.

नियम मी लिहिले. शाळेच्या नियमावलीचं मराठी केलं, एवढंच. प्रत्येक भागातून पंधरा ते पंचवीस वयाचे दोघे, असे आठ सभासद, निवड त्या त्या भागाच्या बैठकीत. अध्यक्ष आठांतला एक. चिटणिसाला मत नाही, फक्त वही. मंडळाने सल्ला दिला की पंचायतीने तो पुढच्या बैठकीत वाचायचा, आणि नाकारला तर कारण लेखी द्यायचं. हे शेवटचं मी घातलं तेव्हा भास्करकाका म्हणाले, "लेखी कशाला? मी तोंडाने नाही म्हणत नाही का?" पण त्यांनी ते ठेवलं. चौथा नियम असा, की सभेची सूचना आठ दिवस आधी प्रत्येक सभासदाच्या हातात मिळाली पाहिजे. पाचवा नारायणाने घालायला लावला. तो कोळीवाड्याचा, बाविशीचा, वाऱ्यावर ओरडून बोलायची सवय असलेला. तो म्हणाला, "आमी दर्यावर असताना तुमी गुपचूप सभा भरवाल आणि आमच्या नावावर कायतरी लिवाल. ते नाय चालायचं. चारी भागांचं माणूस असल्याबिगर ठराव करायचा नाय." तो पाचवा नियम झाला. सातवा नियम माझा अत्यंत आवडता होता: जो सभासद लागोपाठ तीन सभांना परवानगीशिवाय गैरहजर राहील, त्याला एक पत्र देऊन पुढच्या सभेत त्याची जागा रिकामी समजावी, आणि उरलेल्यांनी त्याच भागातला दुसरा माणूस घ्यावा. आळशी लोकांना वेसण म्हणून तो शाळेत होता. कॉलनीत सभेला न येणारा माणूस आळशीच असे. त्याला जायला दुसरं ठिकाणच नव्हतं.

सभा कधी भरवायची यावर सर्वांत जास्त वेळ गेला. उधाणाच्या दिवसांत कोळी समुद्रावर असतात, भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरतीला जोर नसतो आणि होड्या किनाऱ्याला असतात. म्हणून दर महिन्याच्या वद्य अष्टमीला, दुपारी चार वाजता, शाळेच्या सातवीच्या वर्गात सभा, असं ठरलं. मला याचा फार अभिमान वाटला. चंद्र बघून सभा ठरवणारं मंडळ दुसरीकडे कुठे असेल, असं मी मामांना पत्रात लिहिलं. पाड्याचे दोघे, सोनी आणि तिचा चुलतभाऊ लहू, त्या चर्चेच्या वेळी मागच्या बाकावर बसले होते. त्यांना कोणी काही विचारलं नाही, आणि तेही काही बोलले नाहीत. मी वहीत लिहिलं, 'सर्वानुमते'.

सोनी माझ्याच वयाची. सातवीपर्यंत शिकलेली, पाड्यात तेवढं शिकलेली मुलगी तेव्हा ती एकच. पहिल्या दोन सभांत ती बोलली नाही. तिसऱ्या सभेत मैदानाचे वार वाटून झाल्यावर नारायणाने विचारलं, "पाड्याचं काय म्हननं?" तेव्हा ती उठून उभी राहिली, शाळेत उत्तर द्यायला उभं राहतात तशी.

"ओहोळाला साकव पायजे," ती म्हणाली.

पाडा आणि शाळा यांच्या मध्ये तो ओहोळ. उन्हाळ्यात त्यात कुत्रंही बुडत नाही, आणि पावसात माणूस वाहून जातं. साकव म्हणजे लाकडी नाहीतर दगडी लहान पूल, फार तर एक बैलगाडी जाईल एवढा.

"तू कशी आलीस मग सात वर्षं शाळेत?" वसंताने विचारलं. वसंत माझा चुलतभाऊ, आमच्या वाड्यांचा प्रतिनिधी.

"दप्तर डोक्यावर, कापडं दप्तरात," सोनी म्हणाली. वर्ग हसला, तीही हसली. मग तिने सांगितलं, "माजी बहीन हाय भिकी. चौथीला हाय. ती उंचीला कमी हाय. औंदा पावसात दोन महिने घरी बसली. पुढल्या पावसात बसली तं बाप शाळंतून काढनार. म्हनतो, अर्धी शाळा कशाला?"

मी वहीत लिहिलं: 'ओहोळावर साकव व्हावा, अशी सूचना पाड्याकडून.' हे माझ्या अक्षरात अजून आहे.

पंचायतीकडे त्या वर्षी खरंच एका साकवाची मंजुरी येणार होती. पण एकाच. आणि एक साकव आमच्या वाड्यांनाही हवा होता. वाड्यांतून रस्त्याला जाताना खाडीचा एक फाटा आडवा येतो. त्यावर दोन फळ्या टाकलेल्या होत्या. पानांच्या आणि केळ्यांच्या पाट्या त्यावरून डोक्यावर न्याव्या लागत, बैलगाडीला बाजारआळीतून वळसा पडे. दोन वर्षांपूर्वी भाऊ त्याच फळीवरून घसरून पडले होते आणि त्यांचा हात नंतर कधी सरळ झाला नाही. हे मी अशासाठी लिहिते, की वाड्यांचं मागणंही खोटं नव्हतं. भास्करकाकांनी मंडळाला सांगितलं, "साकव कुठे, ते तुम्ही सुचवा. माघ संपायच्या आत सुचवा. नंतर कामांची यादी पालघरला जाईल."

दिवाळी झाली, भात झोडून झालं, आणि पाडा रिकामा झाला. दरवर्षी होतो. माणसं बायकापोरांसह वसई-भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर जातात आणि होळीला परत येतात. मी लहानपणापासून हे बघत होते. डोक्यावर भांडी, काखेत कोंबडी, मागे पोरं, अशी रांग आमच्या कुंपणावरून जायची आणि आई त्यांना वाटेला पोहे द्यायची. त्या वर्षीही दिले. तरीही कार्तिकातल्या सभेची सूचना मी पाड्याच्या दोन सभासदांच्या नावाने लिहिली, पाड्यावर गेले, सोनीच्या झोपडीच्या कुडाला ती खोचली, आणि वहीत तिच्या नावापुढे 'दिली' असं लिहिलं. मार्गशीर्षात तेच, पौषात तेच. माझी वही स्वच्छ राहिली पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात होतं. रिकाम्या घराला चिठ्ठी लावणं आणि माणसाला चिठ्ठी देणं यांत फरक आहे, हे न कळण्याइतकी मी मूर्ख नव्हते. मी फक्त त्याकडे बघितलं नाही.

पौषाच्या सभेत वसंत म्हणाला, "तीन झाल्या. पाडा आला नाही. पाचव्या नियमाने पाड्याशिवाय ठराव होत नाही, आणि माघात ठराव झाला नाही तर साकव कोणालाच नाही. मग सातवा नियम कशाला आहे?" त्याने तोडगाही आणला होता. आमच्या वाड्यांत कामाला राहणारे दोन तरुण होते, मूळचे पाड्याचे. त्यांना पाड्याच्या जागी घ्यायचं. ते मत कोणाच्या बाजूने देतील, हे सांगायची गरज नव्हती. नारायण जरा घुटमळला, पण नियम माझ्या हातात होता आणि मी तो वाचून दाखवला. मग मी दोन पत्रं लिहिली. 'आपण लागोपाठ तीन सभांस विनापरवानगी अनुपस्थित राहिलात, सबब...' 'सबब' हा शब्द मला तेव्हा फार आवडत असे.

चार दिवसांनी, सकाळी, सोनीची आजी आमच्या दारात आली. भट्टीवर न जाणारी पाच-सहा म्हातारी माणसं पाड्यात राहतात, त्यांतली ती एक; सोनीच्या झोपडीमागे तिची वेगळी खोपी होती, आणि शाळेपायी भिकी तेवढी तिच्याजवळ राही. गाव तिला डोकरी म्हणे. पौषातली थंडी होती आणि आईने परसात मडक्यात उकडहंडी लावली होती. कोनफळ, रताळी, पापडीच्या शेंगा, वर भांबुर्डीचा पाला. मडकं उघडलं की तो वास पार ओटीपर्यंत यायचा. डोकरी पायरीवर बसली. तिला पायरीवर बस असं कोणी म्हटलं नव्हतं, आणि ओटीवर ये असंही कोणी म्हटलं नाही. आईने केळीच्या पानावर तिला गरम शेंगा दिल्या. तिने त्या सावकाश खाल्ल्या, हात लुगड्याला पुसले, आणि कनवटीचा कागद काढून माझ्यापुढे धरला.

"बाय, तू शिकलेली हायस. ह्यो कागद आमच्या घराला लावलेला. काय लिवलंय, वाच."

मी ते पत्र वाचलं. माझंच, सगळं, 'सबब'सकट. आई मडक्यातून शेंगा काढायची थांबली होती.

"आता माज्या बोलीत सांग," डोकरी म्हणाली.

"सोनी तीन वेळा सभेला आली नाही, म्हणून तिचं नाव काढणार."

"ती भट्टीवर गेलीय. तुला ठावं नाय?"

"आहे."

"तुज्या आयशीनं पोहे दिले तिला."

"हो."

डोकरीने जरा विचार केला. तिच्या आवाजात राग नव्हता. खरं तर तिला उत्सुकताच होती. "तुमी सभा आठमीला का भरवता?"

"त्या दिवशी कोळी घरी असतात."

"बरं. आनि आमी घरी कवा असतो?"

मी कागद तिच्या हातात परत दिला.

"व्हळीला," तिनेच सांगितलं. "कोनी इचारलंच नाय ना. इचारलं असतं तं सांगितलं असतं." मग तिने कागदाची पुन्हा घडी केली. "ह्यो मी ठेवते. सोनीला दाखवीन. तिचं नाव लिवलंय ना ह्याच्यावर?" आणि आईला म्हणाली, "शेंगा गोड हाईत गं तुज्या," आणि गेली.

या वयापर्यंत मी पुष्कळ माणसांची बोलणी खाल्ली आहेत. वरिष्ठांची, सासूची, एकदा न्यायाधीशांचीही. त्यांतली बरीचशी विसरले. डोकरी मला एक शब्दही वाईट बोलली नव्हती, त्यामुळे विसरायला काही हाताला लागलं नाही. त्या दिवशी जेवताना मी भाऊंना विचारलं, की चौथ्या नियमाप्रमाणे सूचना हातात दिली नसेल तर गैरहजेरी धरता येत नाही, आणि मी ती दिली नव्हती; हे मी सभेत सांगू का. साकवाचं काय होईल ते दोघांनाही माहीत होतं. भाऊंनी वाकड्या हाताने भात कालवला.

"वहीत खरं लिहिलंय का?"

"नाही."

"मग आधी ते नीट कर. माझ्या गाडीचं बघू नको." थोड्या वेळाने ते म्हणाले, "गाडीचंही कोणीतरी बघायला हवं म्हणा." आणि त्यांनी ताक मागितलं.

माघातल्या अष्टमीला वर्ग भरलेला होता. वसंताचे ते दोन तरुण स्वच्छ सदरे घालून दाराशी उभे होते. मी उभी राहून वाचलं, की पाड्याच्या दोघांना एकाही सभेची सूचना मिळालेली नाही, ती बंद घराला लावली होती, आणि वहीतली 'दिली' ही नोंद चुकीची आहे.

नारायण म्हणाला, "चुकीची म्हंजे? तुला ठावं होतं का घर बंद हाय ते?"

"होतं."

"मंग चुकीची नाय, खोटी. तसंच लिव."

मी तसं लिहिलं. सगळे बघत होते आणि टाक खरखरत होता. वसंत उठला. "अगं, तुझ्या बापाचा हात कशाने गेला? त्या ओहोळात वर्षातून चार महिने पाणी असतं. आमच्या फाट्याला बारा महिने." ते खरं होतं. मी म्हटलं, "तू हे होळीनंतर सोनीसमोर म्हण. मग मत घ्या." त्यावर कोळीवाड्याचा दुसरा सभासद म्हणाला, "व्हळीला आमच्या होड्या पन किनाऱ्याला असतात, पुजेला. वसंतभाऊ, सगलं गाव घरी असतं त्या एकाच दिवशी. आमाला कवाच कसं सुचलं नाय?" मंडळाने ठराव होळीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत पुढे ढकलला. मी तो भास्करकाकांकडे नेला. त्यांनी वाचला आणि बिडी विझवली.

"तीन आठवडे थांबायला तालुका तुझा मामा लागतो का?"

"एक पत्र लिहून बघा, काका."

"पत्रं तू लिहितेसच. बघतेयस ना काय होतं त्यांनी." तरी त्यांनी पत्र लिहिलं. मी त्याची नक्कल बघितली आहे.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सभा झाली. मुलांच्या कपाळाला राख होती, कोणाच्या केसांत गुलाल. सोनी आली ती बारीक होऊन; तळव्यांना भट्टीची तांबडी माती मुरलेली. ते पत्र तिने बरोबर आणलं होतं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "अक्षर चांगलं हाय तुजं," आणि मागच्या बाकावर न बसता पुढे, नारायणाशेजारी बसली. वसंताने त्याचं म्हणणं मांडलं, तिने तिचं. ती म्हणाली, "तुमची केळी पडली तं केळी जातात. आमचं पोर पडलं तं पोर जातं." मतं झाली. ओहोळाला पाच, फाट्याला तीन. पाचवं मत बाजारआळीच्या एकाचं होतं. तो नंतर महिनाभर वसंताशी बोलत नव्हता, का वसंत त्याच्याशी, ते मला आठवत नाही.

आणि साकव फाट्यावर झाला. तालुका थांबला नाही, यादी वेळेवर गेली होती, आणि जागा रिकामी जाऊ नये म्हणून पंचायतीने तिच्यात वाड्यांच्या जुन्या मागणीवरून फाट्याचं नाव घातलं होतं. ओहोळाचं नाव तिच्यात नव्हतं, कारण ते ठरलंच नव्हतं. नियमाप्रमाणे पंचायतीने कारण लेखी दिलं: 'मंडळाचा सल्ला मुदतीनंतर आला.' मी ते घेऊन पाड्यावर गेले. वाटेत मी पुष्कळ वाक्यं जुळवली होती. सोनी अंगणात लाकडं फोडत होती. तिने कागद वाचला, सही कोणाची ती बघितली.

"म्हंजे सल्ला बरोबर हाय, फक्त उशीर झाला. असंच लिवलंय ना?"

"हो."

"मंग जपून ठेव. पुढच्या साली ह्योच दाखवू."

त्या पावसात भिकीची शाळा सुटली. तिच्या बापाने सांगितलं होतं तसंच झालं. दोन वर्षांनी, तोच कागद दाखवून, ओहोळावर साकव झाला. तोवर भिकी स्वतः भट्टीवर जाण्याइतकी मोठी झाली होती. आश्विनात मी पाड्यावर जाऊन 'तुम्ही घरी कधी असता' हे एक साधं वाक्य विचारलं असतं, तर ठराव दिवाळीपूर्वीच झाला असता आणि यादीत ओहोळ असता. याला मी दुसरी कोणती बाजू शोधलेली नाही. भाऊंची गाडी नव्या साकवावरून गेली, मीही गेले, कॉलेजला जाताना माझी ट्रंक त्याच गाडीतून त्याच साकवावरून स्टेशनवर गेली.

सोनी पंचविशी पूर्ण होईपर्यंत मंडळावर होती. आता ती नातवंडांत असते. बाजारात दिसलो की आम्ही थांबतो, भाज्यांविषयी बोलतो. भिकीचा विषय मी काढत नाही आणि तीही काढत नाही.

पाड्यातली मुलं आता बोईसरच्या कारखान्यांत पाळीवर जातात, तिथे हिंदी बोलतात आणि घरी येऊन धाकट्यांना चिडवायलाही हिंदीच वापरतात. कोळीवाड्यातही पुष्कळांनी समुद्र सोडला. त्यामुळे सभा आता अष्टमीला होत नाही, रविवारी होते. दोन्ही साकव गेले, तिथे सिमेंटच्या मोऱ्या आहेत. मंडळ आहे. त्याचा सातवा नियम त्या होळीनंतर आम्ही बदलला तो तसाच आहे: जो भाग कामासाठी गावाबाहेर आहे त्याची गैरहजेरी धरू नये, आणि त्याच्याविषयी त्याच्या पाठीमागे काही ठरवू नये. नियम कोणी लिहिला हे आताच्या आठ जणांपैकी कोणालाही माहीत नाही. दर वर्षी पहिल्या सभेत तो मोठ्याने वाचतात.